मोठ्या मुलांसोबत घरी खेळायचे बोर्डगेम: तुमच्या घरी काय रंगलं?

मुलं दहा-अकराची झाली की सापशिडी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि तिथेच राहते. फासा पडेल तसं सरकायचं, यात ठरवण्यासारखं काही नसतं आणि या वयाच्या मुलांना तर सगळं स्वतः ठरवायचं असतं. लहानपणी आपण त्यांना मुद्दाम जिंकू द्यायचो, तेही आता त्यांच्या लगेच लक्षात येतं आणि आवडत नाही. माझ्या मते या वयासाठी खेळ असा हवा, की आईबाबांनी पूर्ण ताकदीनिशी खेळावं आणि तरीही चौदा वर्षांच्या मुलीने त्यांना हरवावं. खोक्यावरच्या '८+' किंवा '१०+' वरून नियम झेपतील का एवढंच कळतं. आजी खेळेल का, रुसवेफुगवे होतील का, जेवणाच्या आत डाव संपेल का, हे ज्यांनी खेळलंय तेच सांगू शकतात.

म्हणून सगळ्यांना आग्रहाचं आवतण. आधी गाव आणि मुलांची वयं लिहा, मग काय रंगलं आणि काय नुसतं पडून राहिलं ते लिहा. पत्ते, कॅरम, सारीपाट, सगळं चालेल.

सुरुवात मीच करते.

पुणे. मुलगी १४, मुलगा ११

आमच्याकडे कॅटन. १९९५ साली जर्मनीत आलेला हा खेळ आता जगभर पोचलाय. षटकोनी १९ तुकड्यांचं बेट मांडायचं, त्यावर रस्ते आणि वस्त्या बांधायच्या, १० गुण आधी करेल तो जिंकला. प्रत्येक शेतावर एक आकडा असतो. दोन फाशांची बेरीज तेवढी आली की त्याच्या कडेला वस्ती असलेल्याला तिथलं पीक मिळतं: लाकूड, विटा, मेंढ्या, गहू, खनिज.

धाकट्याची तक्रार असायची, की ताईला नेहमी जास्त मिळतं. तेव्हा आम्ही वहीत सहा बाय सहाचा तक्ता काढला. ३६ चौकोन, प्रत्येकात दोन फाशांची बेरीज. ७ सहा चौकोनांत येतो, ६ आणि ८ प्रत्येकी पाच, २ आणि १२ फक्त एकेका. ताई आपल्या वस्त्या ६ आणि ८ च्या कडेने मांडत होती, नशिबाचा त्यात फारसा संबंध नव्हता! आकड्यांखाली छापलेले बारीक ठिपके हेच सांगत असतात हे मग त्याला कळलं. पुढच्या डावात त्याने पहिली वस्ती ठेवायला इतका वेळ घेतला की चहा गार झाला.

यातली देवाणघेवाण मला सगळ्यात आवडते. 'दोन मेंढ्या घे, एक वीट दे' हे दुसऱ्याच्या पाळीतही चालू असतं, त्यामुळे कुणी मोबाईल हातात घेत नाही. ७ पडला की चोर येतो आणि सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्याचे अर्धे जातात. मूळ खोका तिघाचौघांचा आहे, पाचवा माणूस असेल तर जोडखोका वेगळा घ्यावा लागतो. पहिल्यांदा खेळताना नियमपुस्तिकेत दिलेली मांडणीच वापरा. सुरुवातीच्या जागा चुकल्या तर तो खेळाडू तासभर नुसता बघत बसतो.

ठाणे. मुलगे १२ आणि १५

व्यापार आणि मोनोपॉलीची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. डाव संपतच नाही, असं सगळे म्हणतात. पण मूळ नियमात आहे, की एखाद्याने जागा घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. बहुतेक घरांत हे कुणाला माहीतच नसतं. उलट दंडाचे पैसे पटाच्या मध्ये ठेवून 'फ्री पार्किंग'वर येणाऱ्याला द्यायची रीत असते. ती नियमात नाही आणि तिच्यामुळे कुणाचं दिवाळं लवकर निघत नाही. आम्ही लिलाव सुरू केला, मधली रक्कम बंद केली आणि डाव खरोखर आटोपशीर झाला. लिलावात पंधरा वर्षांच्या मुलाचं डोकं कसं चालतं ते बघण्यासारखं असतं.

एक दोष मात्र जात नाही. जो आधी बुडाला तो बाहेर बसतो. म्हणून आता आमच्याकडे तिकीट टू राइड जास्त होतं. प्रत्येकाकडे रेल्वेचे ४५ डबे, रंगीत पत्ते जमवून शहरांमध्ये लोहमार्ग टाकायचा आणि हातातल्या गुप्त तिकिटांवरची गावं जोडायची. शेवटपर्यंत सगळे खेळात राहतात. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, सहा डब्यांच्या मार्गाला एकदम १५, त्यामुळे छोटे तुकडे पटापट घ्यायचे की लांब मार्गासाठी थांबायचं हा प्रश्न दर पाळीला पडतो. पूर्ण न झालेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. कुणी मुद्दाम आपला मार्ग अडवला की घरात आवाज चढतात, ते गृहीत धरा. युरोपचा नकाशा घेतलात तर भूगोलाचीही उजळणी होते. भारताचा नकाशाही निघालाय, पण तो जोडनकाशा आहे, डबे आणि पत्ते मूळ खेळातलेच लागतात.

नागपूर. एकत्र कुटुंब, मुलं १० ते १७, आजीआजोबा

आमच्याकडे माणसं जास्त, त्यामुळे चौघांचे खेळ कामाचे नाहीत. सिक्वेन्स घ्या. पटावर पत्ते छापलेले असतात. हातातलं पान टाकायचं, पटावरच्या त्या पानावर आपली चकती ठेवायची आणि ओळीत पाच करायच्या. गट पाडून बारा जणांपर्यंत खेळता येतं. दोन डोळ्यांचा गुलाम कुठेही चालतो, एका डोळ्याचा गुलाम समोरच्याची चकती उचलतो. आपल्या गड्याला 'तिकडे ठेव' असं सुचवलं तर गटातल्या प्रत्येकाला एक पान टाकून द्यावं लागतं. हा नियम आमच्याकडे कडकपणे पाळतात, नाहीतर मोठे काका सगळ्यांचे पत्ते खेळतील.

आजीसाठी रमीकब, म्हणजे आकड्यांच्या सोंगट्यांची रमी. रमी येणाऱ्याला शिकवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पहिल्यांदा टेबलावर सोंगट्या मांडताना किमान ३० गुण लागतात आणि पुढे टेबलावर मांडलेल्या ओळी मोडून नव्या जुळवता येतात. सोंगट्यांवरचे आकडे मोठे असतात, चष्मा विसरला तरी अडत नाही. सतरा वर्षांची नात आणि आजी यात बरोबरीने भिडतात.

पणजी. मुलगी १३

अझुल. नियम थोडके: बशीतल्या एकाच रंगाच्या सगळ्या फरश्या उचलायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या, आपल्या ओळी भरायच्या. जास्तीच्या फरश्या खाली पडतात आणि गुण कापले जातात. दिसायला शांत खेळ, पण शेवटी शेवटी समोरच्याच्या गळ्यात नको त्या रंगाच्या पाच फरश्या घालता येतात आणि मुलगी ते बेधडक करते. पोर्तुगीज अझुलेजू फरश्यांवरून हा खेळ सुचलेला. इथल्या फोंतेंयांश भागातल्या घरांवरच्या नावाच्या निळ्यापांढऱ्या पाट्या तिच्या रोजच्या बघण्यातल्या, म्हणून तिला तो आपला वाटला. दोघांतही उत्तम चालतो. फरश्या जाड आणि गुळगुळीत आहेत, हातात घेऊन बरं वाटतं. मला वाटतं खेळ टिकण्यात याचाही वाटा असतो.

म्युनिक. मुलगा १२, मुलगी १६

इथे दरवर्षी वर्षातल्या उत्तम खेळाला 'श्पील देस यारेस' पुरस्कार देतात, १९७९ पासून. खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह दिसलं तर तो घरातल्या सगळ्यांसाठीचा खेळ, निळं असेल तर लहान मुलांचा, काळपट असेल तर जरा मुरलेल्या खेळाडूंचा. वर आलेले कॅटन, तिकीट टू राइड, रमीकब आणि अझुल चारही लाल सोंगटीवाले आहेत. दुकानात गोंधळलात तर एवढं बघितलं तरी फसगत होत नाही. आम्ही आधी वाचनालयातून खेळ आणतो, रुचला तरच विकत घेतो.

पण मला लिहायचंय ते जस्ट वन बद्दल, कारण तो आम्ही मराठीत खेळतो. एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी एक शब्द बघायचा आणि प्रत्येकाने त्यावर एकच शब्द सूचना म्हणून लिहायचा. दोघांची सूचना सारखी आली तर दोन्ही बाद! उरलेल्या सूचना बघून पहिल्याने ओळखायचं. जर्मन पत्ते बाजूला ठेवून आम्ही घरीच चिठ्ठ्या केल्या: मोदक, पाऊस, लोकल, मावशी, किल्ला. 'पाऊस' आला तेव्हा दोघींनी 'छत्री' लिहिलं, दोन्ही गेले. उरलं 'भजी' आणि 'बेडूक'. मुलाने क्षणभर विचार करून 'पाऊस' म्हटलं. इथे वाढलेल्या मुलाला पाऊस आणि भजी यांचं नातं ठाऊक आहे हे बघून माझ्या सासूबाईंना झालेला आनंद मी विसरणार नाही. कोडनेम्स हा शब्द ओळखायचा खेळही असाच मराठीत करता येतो, चिठ्ठ्या २५ लागतात.

कोल्हापूर. मुली ११ आणि १४

आमचं घर पत्त्यांचं. मेंढीकोट येणाऱ्यांनी 'द क्रू' डोळे झाकून घ्यावा. चार रंग, प्रत्येकात १ ते ९, वर चार रॉकेटं म्हणजे कायमचे हुकूम. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, हे आपलंच. वेगळं एवढंच, की सगळे एका बाजूला. हिरवी सत्ती पडेल तो हात आईनेच करायचा, गुलाबी दुरीचा धाकटीनेच, अशी कामं वाटून येतात आणि बोलायला मनाई. प्रत्येकाला एका डावात एकदाच एक पान उघडं दाखवून सांगता येतं, की हे माझं या रंगातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान किंवा एकमेव आहे.

धाकटीच्या हातात ती दुरी एकटीच होती, आणि दुरीने हात करायचा म्हणजे बाकीच्यांकडे तो रंग नको, हुकूमही पडायला नको. थोरलीने काही न बोलता आधीच्या हातांत आपली गुलाबी पानं एकेक करून घालवली, आम्हीही तेच केलं. शेवटच्या हाताला धाकटीने दुरी टाकली, कुणाकडे गुलाबी नव्हतं, हुकूम संपलेले. हात तिचा. पहिल्या आवृत्तीत अशा ५० मोहिमा आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. खोका खिशात मावतो आणि इतरांच्या मानाने स्वस्त.

डोंबिवली. मुलगा १३

एकत्र मिळून खेळायच्या खेळांबद्दल एक सावधगिरी. पँडेमिक आम्ही हौसेने आणला: चार रोगांवर उपाय शोधायचे, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. खेळ उत्तम आहे. पण सगळ्यांची माहिती उघडी असल्यामुळे घरातलं एक माणूस 'तू इकडे जा, तू हे टाक' सुरू करतं आणि मुलगा नुसता प्यादं सरकवणारा उरतो. आम्ही ठरवलं, ज्याची पाळी त्याने विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. त्यानंतर जमायला लागलं. वर आलेल्या क्रूमध्ये बोलायचीच सोय नाही, त्यामुळे ही अडचण मुळात येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पँडेमिक पहिल्यांदा खेळताना रोग भडकवणारी साथीची पानं चारच घाला.

कुडाळ. मुलगा १५

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर आजही गंजिफा हाताने रंगवतात. गोल पत्ते, दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकात १२, मिळून १२०. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पाच रंगांत दश्शी वरची आणि उरलेल्या पाचांत एक्का वरचा, हे लक्षात ठेवायलाच डोकं लागतं. दिवसा रामाच्या राजाने उतारी, रात्री कृष्णाच्या. मुलाला तो रात्रीचा नियम फार आवडला. रंगवलेला संच महाग पडतो आणि रोज पिसायची छाती होत नाही, म्हणून आम्ही खेळण्यासाठी जाड पुठ्ठ्याचे गोल कापून घेतलेत. ज्यांची मुलं क्रू किंवा मेंढीकोट खेळतात त्यांना हे जड जाणार नाही.

छत्रपती संभाजीनगर. मुलगी १६

ती आमच्यात येऊन बसतच नव्हती. नवीन खेळ आणल्यावर मी खोका न उघडता तिच्या हातात दिला आणि सांगितलं, नियम तू वाच आणि आम्हाला शिकव. तिने शिकवलं, आमचे वाद तिने सोडवले. आता पुढचा खेळ कोणता हेही तीच ठरवते.

नाशिक. मुलं ११ आणि १३, शिवाय चुलत भावंडं

स्कॉटलंड यार्ड कुणीच कसं लिहिलं नाही? १९८३ चा खेळ, भारतात सहज मिळतो, आमच्या पिढीने सुट्टीत खेळलेला. एक जण मिस्टर एक्स, लंडनभर लपत फिरतो. बाकीचे गुप्तहेर. तो टॅक्सीने गेला, बसने की भुयारी रेल्वेने एवढंच दिसतं, कुठे गेला ते नाही. तिसऱ्या, आठव्या, तेराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या चालीला त्याला जागा दाखवावी लागते. सगळी पोरं पटावर ओणवी होऊन 'टॅक्सी म्हणजे या चारांपैकी एक' असं बोटं ठेवत मोजतात. हेरांना भुयारी रेल्वेची तिकिटं चारच, ती सुरुवातीलाच उडवली तर शेवटी पळता येत नाही. त्यांची वापरलेली तिकिटं मिस्टर एक्सला मिळतात हे विसरू नका.

मिस्टर एक्स मोठ्या माणसाने व्हावं आणि अजिबात सोडू नये. पोरांनी पाच जणांच्या डोक्याने त्याला कोपऱ्यात गाठलं की ती जीत त्यांची स्वतःची असते. एकच सूचना: मिस्टर एक्सची नजर पटावर तो असेल तिथे जाते आणि पोरं ती बरोबर टिपतात. खोक्यात टोपी येते ती त्यासाठीच, कपाळावर ओढून बसा.