बहावा, रुई, कढीपत्ता: बी उगवत नाही (इंदूर)

फुलपाखरांसाठी बी पेरलं. बहावा महिना झाला तरी तसाच, कढीपत्त्याचं वाळवलेलं बी कुजलं, रुईची रोपं मातीलगत मोडून पडली. माती शेतातली काळी. काय चुकलं?

उत्तर १
ताई, बहाव्याचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. बीच्या डोळ्याची (कोंब फुटतो ती) बाजू सोडून दुसऱ्या टोकाला सँडपेपरने घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंतच. मग २४ तास साध्या पाण्यात. फुगलेलं बी १ सेंमी खोल पेरा. न फुगलेलं पुन्हा घासा. उकळत ठेवू नका, गर्भ मरतो.

कढीपत्त्याचं उलट आहे. ते बी वाळलं की मेलं. पिकलेल्या काळ्या फळाचा गर धुऊन दोन-तीन दिवसांत पेरा. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या त्याची पानं खातात, म्हणून निदान दोन रोपं तरी हवीतच.

उत्तर २
रुईची मोडलेली रोपं म्हणजे बुरशीची मर. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग चाळलेली माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं पानखत घ्या. पिशवीला भोकं पाडा. बीचा कापूस काढून अर्धा सेंमी खोल, विरळ पेरा. पाणी सकाळी, वरचा थर सुकल्यावरच. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार घातक असतो.

आणि कृपया कीटकनाशक, अगदी निंबोळी अर्कसुद्धा, या झाडांवर नको. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या रुईवर वाढतात.