प्लायची कडी रचून स्पीकरचा बॉक्स: आधी कडा बघा

स्पीकरच्या बॉक्ससाठी एमडीएफऐवजी (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) प्लायची कडी, म्हणजे मधून पोकळ रिंगा, कापून एकावर एक चिकटवली तर फायदा होतो का, असं एकानं विचारलंय. होतो. आतली भिंत गोलसर ठेवता येते. समोरासमोर सपाट भिंती नसल्या की ठरावीक सूर आत कमी घुमतात. १८ मिमीची १२ कडी म्हणजे २१६ मिमी खोली.

खरी मेख प्लायमध्ये आहे. बडोद्यात दुकानदार मरीन (पाण्याला टिकणारा प्लाय) म्हणून आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का दाखवतील, तरी ताव उभा करून चारही कडा बघा. मधल्या थरात फट असली की तिच्यावरची पातळ पापडी बासला फरफरते, आणि बॉक्स बंद झाल्यावर ती जागा सापडणं महाकठीण. कापल्यावर प्रत्येक कडं बोटाच्या पेरानं ठोका. जिथे पोकळ वाजेल ते कडं सरळ बाजूला काढा. इथे कंजूषपणा नकोच!

प्रत्येक कड्यात त्याच जागी भोकं पाडून आट्यांचा रॉड घाला, म्हणजे फेविकॉल लावल्यावर थर सरकत नाहीत आणि नट आवळून दाबही मिळतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत मात्र सुकायला जास्त वेळ द्या. बॉक्सच्या आतल्या जागेचा लिटरमध्ये हिशेब करताना पोर्टचा (हवा आत-बाहेर जायच्या भोकाचा) पाइप आणि वूफरचं, म्हणजे बासच्या स्पीकरचं, मॅग्नेट वजा करायला विसरू नका.