मदत हवी आहे: नकाशावर 'किरिबास' लिहावं की 'किरिबाटी'?

पॅसिफिकमधल्या बेटांच्या मराठी नकाशासाठी नावं ठरवते आहे, आणि एका देशापाशी अडले आहे. इंग्रजीतल्या 'गिल्बर्ट्स'चं, म्हणजे तिथल्या गिल्बर्ट बेटांच्या नावाचं, स्थानिक रूप म्हणजे हे नाव. १९७९ साली स्वातंत्र्यानंतर तेच देशाचं झालं. तिथल्या भाषेच्या लेखनात 'स'साठी वेगळं अक्षर नाही, 'टी' आणि 'आय' ही जोडी ते काम करते. म्हणून इंग्रजी शब्दकोश उच्चार 'किरिबास' देतात, तरी स्पेलिंग पाहून 'किरिबाटी' म्हणणारे इंग्रजी भाषकही भरपूर आहेत. मराठीत 'किरिबाटी' आणि 'किरिबाती' दोन्ही दिसतं.

खरी पंचाईत त्याच देशातल्या मोठ्या प्रवाळबेटाची आहे. कॅप्टन कुक १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथे पोचला, म्हणून ते ख्रिसमस बेट. स्थानिक स्पेलिंग अक्षरशः वाचलं तर 'किरितिमाती' होतं, उच्चार मात्र 'किरिसमास'च्या जवळचा. 'ख्रिसमस बेट' लिहावं तर हिंदी महासागरातल्या ऑस्ट्रेलियाच्या बेटाशी गल्लत होते, आणि ती मला अजिबात नको आहे.

नकाशावर एकच नाव मावतं, कंसाला जागा नाही, रोमन लिपी चालणार नाही. सूचीत पर्यायी नाव देता येईल. शब्दकोश पाहून झाले आहेत. इंग्रजी नकाशे नियमित हाताळणाऱ्यांचा अनुभव हवा आहे.

अलीकडच्या इंग्रजी नकाशांत या बेटाला नुसतं 'ख्रिसमस' म्हणतात का, की स्थानिक नावच मुख्य असतं? आणि देवनागरीत दोन्ही नावं उच्चाराप्रमाणे लिहावीत की स्पेलिंगप्रमाणे?