सातारा-पुणे रोजचा रस्ता : तुमचे अनुभव लिहा

परवा ऑफिसात एकजण म्हणाला, तुम्ही सातारकर नशीबवान, रोज एवढे डोंगर बघत येता. आता मी पहाटे साडेपाचला स्टँडवर असतो, विनाथांबा पकडली की खिडकीला डोकं टेकून जो झोपतो तो डायरेक्ट कात्रजला उठतो, डोंगर कुठले. एका बाजूने ११० किमीच्या आसपास. हे करणारे इथं बरेच असणार, लिहा की. फक्त टोल आणि खड्ड्यांवर पानं भरू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

शिरवळ शिफ्ट :
माझं शिरवळपर्यंतच, कंपनीच्या बसनं. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. पावसाळ्यात काचा आतून धुरकटतात, मग आमचे ड्रायव्हर काका बोगद्याच्या अलीकडेच फडक्यानं काच पुसून घेतात, कारण बाहेर पडलं की उतार आणि ते एस वळण. तिथं काका गाणी बंद करतात, आम्ही पण गप. एकदा पुढं कांद्याचा ट्रक आडवा, सगळ्या रस्त्यावर कांदे, दोन तास हललो नाही आणि डबा सकाळी नऊलाच संपला.

वाईकर :
आनेवाडीला एक, खेड शिवापूरला एक. लिहू नका म्हणालात म्हणून एवढंच.

अर्धं तिकीट :
मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हा मी पुण्यातली कॉट सोडली आणि घरी राहायला आले. मला पण झोप लागते, पण गळीत हंगामात मळीचा वास आला की डोळे न उघडता कळतं भुईंज आलं, पर्स आवरायची.

एमएच ११ :
मी बाईकवाला, झोपायची सोय नाही त्यामुळे बघणारा मीच. येताना घाट चढून गाडी बाजूला घेतो, पुढं वेळे-सुरूरचं शिवार, डाव्या हाताला चंदन-वंदन जोडीनं, उजवीकडं वैराटगड. पण थांबतो ते काय त्यासाठी नाही, आईला फोन करायचा असतो, घाट चढलो. मग ती कुकर लावते आणि मी दारात गाडी लावेपर्यंत भात गरम असतो, एवढ्या वर्षांचा हिशोब आहे तो. आता तीन-तीन लेनचे दोन नवीन बोगदे, म्हणजे येताना पण घाट नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, मग भात कधी टाकायचा?