फोनवर ऐकलं सोळा, राउंडला सर म्हणतात सहा. आता खुलासा कसा लिहू?

नाइटवाली सिस्टर
नागपूरला धंतोलीतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, नाव नाही सांगत. परवा नाइटला एका पेशंटची शुगर 380 आली, आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत अडकलेले, तेच म्हणाले कन्सल्टंट सरांना डायरेक्ट फोन लावा. लावला. सर झोपेतून उठून बोलले, मला "सिक्सटीन" ऐकू आलं, इन्सुलिनचे 16 युनिट दिले आणि टाइम टाकून नर्सिंग नोट्समध्ये लिहिलं. पहाटे पेशंट घामाघूम, शुगर 58, लगेच डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, आता बरा आहे. पण राउंडला सर बेडजवळच, नातेवाइकांसमोर ओरडले, "मी सहा सांगितले होते, तुम्हाला कोणी नर्स केलं?" मेट्रनने, म्हणजे नर्सिंगच्या हेडने, खुलासा मागितलाय आणि आरएमओ म्हणून राहिले की ऑर्डर शीटवर रात्रीचा टाइम टाकून 6 लिहून टाकतो, तू पण नोट्स जुळवून घे, विषय संपेल. काय करू?

रिटायर्ड इन्चार्ज, मेडिकल
पोरी, पहिले त्या नोट्सला हात लावू नकोस. दिले 16 अन् लिहिले 6, तर ती चूक राहत नाही, खोटी नोंद होते, आणि उद्या काही झालं तर ते अक्षर तुझं असेल, आरएमओचं नाही. काही राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून खाली नवीन नोंद कर. खुलाशात फक्त घड्याळ लिही, किती वाजता शुगर, किती वाजता फोन, काय ऐकू आलं, काय दिलं, नंतर काय केलं. "सर चिडलेले होते", "मी घाबरले" हे नको. एक झेरॉक्स ठेव आणि मेट्रनकडून पोच घे.
आणि एक विचारते, ऐकलेलं परत वाचून दाखवलं होतं का? आम्ही नव्या पोरींना हेच घोकून घ्यायचो, आकडा फोडून सांगायचा, "सर, एक-सहा, सोळा युनिट, बरोबर?" सिक्स-सिक्सटीन, फिफ्टीन-फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं. ऑर्डर लिहितानाही नुसतं यू लिहू नका, घाईत त्याचा शून्य वाचला जातो, युनिट पूर्ण लिहा.

डॉक्टर, रामदासपेठ
मी कन्सल्टंटच आहे, तरी बोलतो. पेशंटच्या बेडजवळ स्टाफवर ओरडणं चूकच, त्यावर सफाई नाही. नातेवाइकांना त्यातून एवढंच कळतं की इथं कोणाचा कोणावर भरोसा नाही. बरं, इन्सुलिन हाय अलर्ट औषध आहे, म्हणजे डोस चुकला तर मोठा धोका, ते अर्धवट झोपेत आकडा फेकून द्यायचं नसतं. आधीचा डोस कधी गेला, पेशंट जेवला का, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) किती, हे सरांनी विचारायला हवं होतं आणि नसतं विचारलं तर सिस्टरनी सांगायला हवं होतं.
एनएबीएचचं, म्हणजे क्वालिटीचं मानांकन मिळालेलं हॉस्पिटल असेल तर तोंडी ऑर्डर कोण घेणार, डॉक्टर सही कधी करणार याची पॉलिसी लेखी असते, ती क्वालिटीवाल्यांकडून मागून घ्या. आरएमओसाहेबांना सांगा, 2002 च्या मेडिकल कौन्सिल नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं की 72 तासांत द्यावं लागतं, अन् 2023 चे नवे नियम स्थगित असल्यामुळे तेच लागू आहेत. नातेवाइकांनी आधीच मोबाइलवर फाइलचा फोटो काढला असेल तर?

बर्डीवाला
एवढं काहून लांबवता, कॉल रेकॉर्डिंग चालू ठेवा ना. पुढच्या वेळेस सरांनाच ऐकवा 😄

डॉक्टर, रामदासपेठ
पेशंटची माहिती स्टाफच्या पर्सनल मोबाइलमध्ये साठवायची नाही भाऊ. त्यापेक्षा फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या सिस्टरनी पण ऐकावं आणि दोघींनी सही करावी.

नाइटवाली सिस्टर
परत वाचून नव्हतं दाखवलं, सरांनी लगेच फोन ठेवला. हे पण खुलाशात लिहू का? मैत्रीण म्हणते स्वतःहून कशाला फसतेस.

रिटायर्ड इन्चार्ज, मेडिकल
लिही. "सरांनी फोन ठेवल्यामुळे रीड-बॅक, म्हणजे परत वाचून दाखवणं, झालं नाही", एवढंच. कोणी विचारल्यावर ते बाहेर आलं तर जास्त वाईट दिसेल. आणि नोट्स बदलायला सांगितलं ते मेट्रनच्या कानावर आजच घाल, ड्यूटी संपायच्या आधी. फोनवर नको, समोर जाऊन.