सिस्टरला हसायला शिकवून पेशंट खूश होतो का?

रातपाळी: आमच्या खासगी हॉस्पिटलात गेल्या महिन्यात 'स्माइल ट्रेनिंग' झालं. बाहेरून आलेल्या मॅडमनी दोन तास नमस्कार शिकवला. त्याच रात्री वॉर्डात २२ पेशंट आणि आम्ही दोघी. बीपीच्या एकमेव मशीनचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) फुटका, म्हणून खालच्या मजल्यावरून मागून आणायचा. तिथली सिस्टर कुरकुरणारच, तिचंही काम अडतं. इकडे बेलवर बेल. १४ नंबरचे नातेवाईक ओरडले तेव्हा मी हसले नाही, तर फीडबॅक फॉर्मवर माझंच नाव! माझं म्हणणं, सेवा बिघडते ती स्टोअरमध्ये आणि ड्युटी चार्टमध्ये.

चष्मेबद्दूर: सहमत. मानसशास्त्रज्ञ बेंजामिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये बँकांच्या शाखांत हेच दाखवलं होतं. जिथे वातावरणच असं की कर्मचाऱ्यांना वाटे इथे सेवेला किंमत आहे, तिथले ग्राहकही समाधानी.

इंडेंटवाला: बँकेत पासबुक भरतात हो, ड्रेसिंग नाही करत. आणि गिऱ्हाईक चांगलं म्हणून कर्मचारी खूश, असंही असेल की! मी हॉस्पिटलात क्वालिटी बघतो. कफ फुटका, मान्य. पण इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे लेखी मागणी, कुणी टाकलं? विचारलं की प्रत्येक जण 'तोंडी सांगितलं होतं' म्हणतो. आमच्या दोन वॉर्डांत माणसं तेवढीच, पगार तोच, तरी एकीकडे तक्रारी निम्म्या. फरक फक्त इन्चार्जचा.

रातपाळी: मग इन्चार्ज म्हणजेच वातावरण ना? तुम्ही माझीच बाजू मांडताय. इंडेंट दोनदा टाकलंय, सही आहे रजिस्टरला.

सरकारी_मामा: पगाराचंही बोला. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान खासगी रुग्णालयातही सिस्टरला किमान २० हजार द्या म्हटलं. किती ठिकाणी मिळतात? नुसत्या गोड इन्चार्जवर घर चालत नाही.

बेड१४ची_लेक: (तुमच्या १४ नंबरची नव्हे, दुसरीकडच्या.) मला तुमच्या चार्टशी काय करायचंय? आईचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं. मी तीनदा काउंटरला गेले, सिस्टरने मान वर केली नाही. 'आले हं काकू' म्हणायला कफ लागतो का?

रातपाळी: नाही लागत. हे लागलं मला. पण ती मान खाली घालून कदाचित हँडओव्हरच (पुढच्या पाळीसाठीची नोंद) लिहीत असेल, तो अर्धा राहिला तर सकाळी बोलणी तिलाच. असो. काल कफ आला. मशीनचे सेल यायचेत.