मदत हवी आहे : विषाणूच्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणारे औषध का देतात?

नमस्कार. माझ्या काकांना कोरोनाचा गंभीर संसर्ग झाला होता. आता ते बरे होऊन घरी आले आहेत. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदांवर रेमडेसिव्हिर, डेक्सामेथासोन, टोसिलिझुमॅब आणि एनॉक्सापारिन ही औषधे आहेत, शिवाय रोज बराच वेळ पालथे झोपवल्याची नोंद आहे. उपचारांबद्दल तक्रार मुळीच नाही, फक्त त्यांमागचा तर्क समजून घ्यायचा आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असून ते प्रतिकारशक्ती मंद करते, एवढे मला ठाऊक आहे. मग शरीरात विषाणू असताना त्याच्याशी लढणारी यंत्रणाच दाबल्याने रुग्ण बरा कसा होतो? शिवाय काकांचा ताप उतरू लागला होता आणि नेमके तेव्हाच त्यांचे ऑक्सिजन ८७ पर्यंत घसरले. तरीही ते आमच्याशी व्यवस्थित बोलत होते. फुप्फुसाच्या आजारात रक्त पातळ करणारे इंजेक्शन कशासाठी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद १

मी अतिदक्षता विभागात काम करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर आजाराच्या दोन टप्प्यांत आहे. पहिल्या टप्प्यात विषाणू आपल्या काट्यांसारख्या प्रथिनाने पेशींवरील एसीई-२ या ग्राहकाला (पेशीच्या पृष्ठभागावरील, ठरावीक रेणू जोडून घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटून आत शिरतो आणि वाढतो. तो फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचला, तर वायुकोश उघडे ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ तयार करणाऱ्या पेशीच मरू लागतात. बहुतेकांचा आजार याआधीच आटोक्यात येतो. काही जणांत मात्र इंटरफेरॉन या शरीराच्या विषाणूविरोधी प्रथिनांचा पहिला प्रतिकार अपुरा पडतो किंवा उशिरा उभा राहतो (काहींच्या रक्तात तर स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडे सापडली आहेत), विषाणू पसरतो आणि मग दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रतिकारयंत्रणा अतिरेकी प्रतिक्रिया देते. इंटरल्यूकिन-६ सारखी दाह भडकवणारी रसायने वाढतात, केशवाहिन्या झिरपू लागतात, वायुकोशांत द्रव साचतो आणि ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही. तोपर्यंत विषाणूचे प्रमाण बहुधा उतरणीला लागलेले असते. म्हणजे या टप्प्यात फुप्फुसाची जी हानी चालू असते, तिच्यात विषाणूपेक्षा दाहाचा वाटा मोठा असतो आणि स्टेरॉइड तो दाह शमवते.

याचा पुरावा २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतून मिळाला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरील रुग्णांमधील २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांनाही फायदा झाला, पण कमी. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांचे मृत्यू घटले नाहीत, उलट थोडे अधिकच दिसले. माझ्या मते त्या चाचणीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित धडा हाच आहे. टोसिलिझुमॅब त्याच दिशेने, पण नेमकेपणाने काम करते: ते इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक अडवते, आणि ऑक्सिजनची गरज झपाट्याने वाढत असलेल्या रुग्णांना स्टेरॉइडच्या जोडीने दिले जाते.

दाहामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तरही दुखावते आणि फुप्फुसातील बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात; एनॉक्सापारिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन त्यासाठी होते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मग ताप आल्याबरोबर घरीच स्टेरॉइड सुरू केले असते, तर पुढचे टळले असते का?

प्रतिसाद १

नाही. त्या वेळी विषाणू वाढत असतो आणि प्रतिकारशक्तीची खरी गरज असते. शिवाय स्टेरॉइडने रक्तातील साखर चढते आणि बुरशीसारख्या इतर संसर्गांना वाव मिळतो. सुरुवातीचे दिवस विषाणूरोधक औषधांचे असतात. निरमाट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर या गोळ्या धोका अधिक असलेल्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्याव्या लागतात. रेमडेसिव्हिरचाही उपयोग लवकर दिल्यासच अधिक. व्हेंटिलेटर लागल्यावर त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते.

प्रतिसाद २

राहिलेल्या मुद्द्यांबद्दल लिहिते. दम लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने आणि फुप्फुसे ताठर झाल्याने होते. या आजारात सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि फुप्फुसे बरीच लवचिक असतात, त्यामुळे ऑक्सिजन खाली आले तरी माणूस शांतपणे बोलत असतो. म्हणून रुग्णाच्या सांगण्याइतकेच ऑक्सिमीटरकडेही लक्ष ठेवावे लागते. पालथे झोपवण्याचे कारण असे, की फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि उताणे झोपल्यावर तो हृदयाच्या व पोटाच्या भाराखाली दबतो. पालथे केल्यावर ते वायुकोश उघडतात आणि तेथून वाहणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळू लागते. काकांना मधुमेह असो वा नसो, स्टेरॉइड घेतलेले असल्याने पुढच्या तपासणीत त्यांची साखर अवश्य पाहून घ्या, आणि नाक चोंदणे, चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा डोळ्याभोवती सूज असे बुरशीच्या संसर्गाचे काही लक्षण जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.